पानावरचे भोक, पानावरचा डाग

हेर्त्सोगेनआउराख हे नाव मराठी जिभेला अवघड जाते, पण मराठी घरांना ते परके राहिलेले नाही. आदिदास आणि पूमा या दोन्ही कंपन्या याच गावच्या. डास्लर भावांचे १९४८ साली फाटले आणि आउराख नावाच्या छोट्या नदीकाठी बुटांचे दोन कारखाने एकमेकांसमोर उभे राहिले. बेअरिंग बनवणारी शेफ्लर कंपनीही इथलीच, आणि तिच्या भारतातल्या कारभाराचे मुख्य ठाणे पुणे. त्यामुळे पुणे, तळेगाव, चाकणकडची माणसे कधी दोन-तीन वर्षांसाठी, कधी कायमची या गावात येतात. शेजारच्या एर्लांगेनमध्ये सीमेन्सच्या निमित्ताने येणारी कुटुंबे वेगळीच. घर लागते, घरापुढे चार हात जमीन किंवा निदान बाल्कनी मिळते, आणि तुळस, मिरची, कढीपत्ता, टोमॅटो, शेपू यांची हौस पुन्हा डोके वर काढते.

बायर्न राज्याच्या या फ्रांकेन भागात घराबाहेरच्या बागेचे वर्ष मे महिन्याच्या मध्याला सुरू होते. ११ ते १५ मे हे इथले हिमसंतांचे दिवस. चार संत आणि त्यांच्यामागून येणारी सोफी, जिला लोक ‘थंड सोफी’ म्हणतात. तिचा दिवस सरला की रात्री पाणी गोठण्याची भीती बहुतेक संपते आणि हिवाळाभर खिडकीत जपलेल्या कुंड्या बाहेर जातात. जून उजाडेपर्यंत सगळे हिरवेगार असते. मग एके सकाळी मिरचीच्या पानाला भोक दिसते, गुलाबाच्या पानावर काळा डाग दिसतो, तुळशीचा शेंडा रातोरात नाहीसा झालेला असतो. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडून, मग तो निफाडचा द्राक्षबागायतदार असो की हेर्त्सोगेनआउराखचा अभियंता, पहिला प्रश्न एकच निघतो: कोणते औषध मारू?

पुढची प्रकरणे या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न विचारायला शिकवतात. हे कोणी केले? भोक आणि डाग हे पुरावे आहेत. पुरावा नीट पाहिला तर बहुतेक वेळा कर्त्याचे नाव कळते. नाव कळले की निम्म्याहून अधिक प्रसंगांत औषधाची गरजच उरत नाही, आणि जिथे उरते तिथे नेमके काय आणि किती लागेल तेही ठरवता येते.

असे पाहण्याची परंपरा या मुलखाला मोठी आहे. हेर्त्सोगेनआउराखपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या न्यूरेंबर्गमध्ये सतराव्या शतकात मारिया सिबिला मेरियान ही चित्रकार राहत होती. किडे चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप जन्मतात, असे त्या काळी शिकलेली माणसेही मानत. मेरियानने घरात सुरवंट पाळले, कोणता सुरवंट कोणत्या झाडाचा पाला खातो याच्या नोंदी ठेवल्या, त्यांचे कोश होताना आणि कोशातून पाखरू निघताना पाहिले. १६७९ साली न्यूरेंबर्गमध्ये तिचा सुरवंटांवरचा ग्रंथ निघाला. त्यातल्या पन्नास चित्रांत किडा एकटा नाही. तो आपल्या झाडावर आहे आणि झाडाची पाने खाल्लेली आहेत. फुलांची चित्रे निर्दोष काढायची पद्धत असताना या बाईने कुरतडलेल्या कडा आणि भोके मुद्दाम रंगवली, कारण ती तिला किड्याच्या चरित्राचा भाग वाटत होती. पुढच्या शतकात याच शहरात आउगुस्ट योहान र्‍योझेल फॉन रोझेनहोफ या लघुचित्रकाराने कीटकांवरचे सचित्र लेखन मासिक हप्त्यांनी छापले आणि सामान्य वाचकांपर्यंत पोचवले. कीटकशास्त्राची विद्यापीठीय खाती निघण्याआधी हे काम दोन चित्रकारांनी केले, आणि तेही पान निरखून.

तसे पान निरखायला भिंगसुद्धा लागत नाही. पानाच्या कडेला अर्धगोल खाचा असतील, मधला भाग शाबूत असेल, तर ते काम काळ्या सोंड्या भुंग्याचे. तो रात्री खातो, दिवसा मातीत दडतो. खाचा दिसायला वाईट, पण झाडाला त्यांचा विशेष त्रास नसतो. खरी चिंता कुंडीतल्या मातीत असलेल्या त्याच्या पांढऱ्या अळ्यांची, कारण त्या मुळे खातात. इथे पानावर काही फवारणे वाया जाते. जर्मनीत यासाठी जिवंत सूत्रकृमींची पाकिटे मिळतात. ती पाण्यात कालवून ओल्या मातीत सोडली की सूत्रकृमी अळीत शिरतात आणि तिला मारतात. पानाला वेडीवाकडी मोठी भोके आणि जवळ वाळलेल्या चिकट द्रवाची चकाकी असेल, तर किड्याला दोष देऊ नये. ती बिनशंखाची गोगलगाय आहे आणि तुळस तिचे आवडते खाणे आहे. मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकाला तिची शंखवाली बहीण चांगली ठाऊक आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे तिने कोवळी रोपे फस्त करून दुबार पेरणीची वेळ आणली होती. संध्याकाळी पाणी घातलेली माती रात्रभर ओली राहते आणि गोगलगाईंना रस्ता मोकळा होतो. पाणी सकाळी घातले तर त्यांचे येणे बरेच कमी होते.

गुलाबाच्या पानातून कुणी गोल पंचाने तुकडा काढून नेल्यासारखी स्वच्छ कापणी दिसली तर हात आवरायचा. ती पानकापी मधमाशी आहे. ती पान खात नाही; तुकडे नेऊन अंड्यांसाठी कप्पे बांधते. जर्मनीत रानमधमाश्यांना कायद्याचे संरक्षण आहे. झाडाची चार पाने जातात आणि परागीभवन करणारी एक पिढी तयार होते.

सर्वांत जास्त जपण्यासारखे प्रकरण शेपूचे आहे. बाल्कनीतल्या शेपूवर, बडीशेपेवर किंवा गाजराच्या पाल्यावर हिरवी, काळ्या पट्ट्यांची आणि नारिंगी ठिपक्यांची जाड अळी बसलेली दिसते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन शिंगांसारखे अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कढीपत्त्याचे झाड लावलेल्या कोणत्याही मराठी घराला हा प्रकार ओळखीचा वाटेल. आपल्याकडे लिंबू आणि कढीपत्ता खाणारी लिंबाच्या फुलपाखराची अळी हेच करते, कारण दोन्ही एकाच पॅपिलिओ कुळातल्या. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हीसुद्धा याच कुळातली आणि तिची अळीही लिंबाच्या गोतावळ्यातल्या झाडांवरच वाढते. जर्मनीतल्या शेपूवरची अळी स्वालोटेल फुलपाखराची. ही जात तिथे संरक्षित आहे, म्हणजे अळी मारणे हा कायद्याचाही भंग ठरतो. शेपूची एक जुडी बाजारातून आणावी आणि कुंडी तिला सोडून द्यावी, हाच शहाणपणाचा सौदा आहे.

सगळेच पाहुणे इतके लोभस नसतात. फ्रांकेनमधल्या घरांपुढे, चर्चच्या आवारात आणि दफनभूमीत बॉक्सवूडची छाटलेली कुंपणे पिढ्यान् पिढ्या होती. २००७ साली ऱ्हाइन नदीकाठच्या वाइल आम ऱ्हाइनमध्ये पूर्व आशियातून आलेला बॉक्सवूडचा पतंग सापडला आणि काही वर्षांत ही कुंपणे देशभर वाळू लागली. पिवळसर हिरवी, काळ्या डोक्याची अळी झुडपाच्या आतून खायला सुरुवात करते, त्यामुळे बाहेरून कळते तेव्हा उशीर झालेला असतो. घोडचेस्टनटची कथाही अशीच. फ्रांकेनमध्ये बियर थंड ठेवण्यासाठी टेकडीत तळघरे खोदत आणि वर दाट सावलीसाठी ही झाडे लावत. आजही लोक उन्हाळ्यात त्यांच्याखाली बाकांवर बसतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात मॅसेडोनियातल्या ओह्रिड सरोवराजवळ या झाडाच्या पानात बोगदे करणारी एक नागअळी प्रथम दिसली, १९८९ पर्यंत ती ऑस्ट्रियात आणि १९९३ च्या सुमारास जर्मनीत पोचली. आता ऑगस्टमध्येच या झाडांची पाने तपकिरी होतात. नवख्याला वाटते, झाड मेले. ते मेलेले नसते, वसंतात पुन्हा फुटते. यावरचा परिणामकारक उपाय फवाऱ्याचा नाही, झाडूचा आहे. अळीचे कोश गळलेल्या पानांत हिवाळा काढतात. ती पाने शरद ऋतूत गोळा करून नगरपालिकेच्या मोठ्या, तापणाऱ्या कंपोस्ट डेपोत दिली की पुढच्या वर्षीची पहिली पिढी घटते. घरचा छोटा ढीग पुरेसा तापत नाही, तिथे ती जगते.

या दोन्ही किडी माणसांच्या वाहतुकीतून पसरल्या. म्हणून बॅगेतून रोप आणण्याचा मोह मराठी कुटुंबांनी गांभीर्याने टाळायला हवा. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून कोणतेही रोप, लावायचे बी आणि बहुतेक ताजी फळे-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. सूट आहे ती नारळ, केळे, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. कढीपत्त्याच्या पानावर बसणारा सायला नावाचा बारीक किडा लिंबूवर्गीय बागा संपवणारा रोग पसरवतो, आणि युरोपच्या दक्षिणेला संत्र्यांच्या मोठ्या बागा आहेत. अशा भीतीचा फटका कोकणाने सोसलेला आहे. फळमाशी सापडली म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि त्याबरोबर वांगे, कारले, पडवळ, अळू यांवर बंदी घातली. हापूस ऐन हंगामात अडकला. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली, ती भारतात प्रक्रिया आणि तपासणी कडक झाल्यावर. एका अळीमुळे देवगड-रत्नागिरीचा हंगाम कसा कोसळतो, हे ज्याने पाहिले त्याला विमानतळावरचा नियम जाचक वाटू नये.

आता डागांकडे. इथे मराठी माणसाची सवय दगा देते, कारण आपले रोगांचे पंचांग पावसाळ्याला बांधलेले आहे. करपा, टिक्का, तांबेरा, भुरी, केवडा ही नावे उच्चारली की कोणता महिना तेही डोळ्यांपुढे येते. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फ्रांकेनच्या या भागात सहाशे ते साडेसहाशे. आकडे जवळचे, पण पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत आणि इथला बारा महिन्यांत विभागलेला. त्यामुळे बुरशीला इथे ठरलेला हंगाम नाही. मे ते ऑक्टोबरमधला कोणताही ओला आठवडा तिला चालतो. गुलाबावरच्या काळ्या डागाच्या बुरशीला पान सलग सात तासांच्या आसपास ओले मिळाले की बीजाणू रुजतो. डागाची कड किरणांसारखी पसरलेली असते, भोवतीचे पान पिवळे पडते आणि गळते. पाणी बुंध्याशी घालणे, फांद्या विरळ ठेवणे, गळलेली पाने उचलणे आणि लावतानाच रोगाला दाद न देणारी जात निवडणे, एवढ्याने मोठा फरक पडतो. जर्मनीत गुलाबाच्या नव्या जातींची फवारणीविना अनेक वर्षे चाचणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. रोप खरेदी करताना त्या खुणेकडे पाहणे औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

टोमॅटोचे दुखणे अधिक गंभीर. ओल्या हवेत पानावर तेलकट तपकिरी चट्टे येतात, चारसहा दिवसांत खोड काळवंडते, फळे कडक तपकिरी होतात. हाच तो उशिराचा करपा, ज्याने १८४५ नंतर आयर्लंडमधली बटाट्याची शेती उद्ध्वस्त करून दुष्काळ आणला. त्याच्या कारणाचे शास्त्रीय नाव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, १८७६ साली आंटोन दे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. फ्रांकेनमधल्या परसबागांत टोमॅटोवर प्लास्टिकचे किंवा काचेचे छप्पर दिसते ते थंडीसाठी नसून पान कोरडे ठेवण्यासाठी असते. नाशिकचा बागायतदार द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरतो; ते फ्रान्समध्ये मियार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली मांडले. पण तांबे मातीत साठत जाते, गांडुळांना घातक ठरते. चार झाडांसाठी छप्पर पुरते.

नाशपातीच्या पानावरचा नारिंगी डाग तर दोन घरांचा रोग आहे. जूनमध्ये भडक नारिंगी ठिपके उमटतात, शरद ऋतूच्या तोंडाशी पानामागे जाळीदार फोड येतात आणि त्यातले बीजाणू वाऱ्याने जुनिपरवर जातात. तिथे ही बुरशी हिवाळा काढते आणि वसंतात परत नाशपातीवर येते. साधे स्थानिक जुनिपर तिला चालत नाही, शोभेसाठी लावलेल्या परदेशी जाती चालतात. म्हणजे रोगाचे मूळ कदाचित शेजाऱ्याच्या कुंपणात असेल. तिथे फवारा उपयोगाचा नाही, शेजाऱ्याशी बोलणे उपयोगाचे आहे. त्यातही दिलासा असा की मोठे झाड थोडी पाने बाधली तरी फळ देत राहते.

काही डाग तर चांगली बातमी घेऊन येतात. मेपलच्या पानावर डांबराचे थेंब सांडल्यासारखे चकचकीत काळे ठिपके पडतात. ही बुरशी गंधकाच्या धुराने भरलेल्या हवेत टिकत नाही, त्यामुळे कारखानदारीच्या काळात ती शहरांतून नाहीशी झाली होती. ती दिसते तिथली हवा बऱ्यापैकी स्वच्छ आहे, असे समजायला हरकत नाही. आणि काही भोके किड्याची नसतातच. कुंपणाला लावलेल्या चेरी लॉरेलच्या पानावर बुरशीचा डाग पडला की झाड तो बाधित तुकडा स्वतःच गाळून टाकते आणि छर्रे मारल्यासारखी गोल भोके उरतात. भोकाच्या कडेला तपकिरी-लाल वलय असेल तर अळी शोधत बसू नये. तसेच खिडकीतून थेट कडक उन्हात नेलेल्या मिरचीच्या पानावर पांढुरके कोरडे चट्टे पडतात. तो सूर्यदाह. आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात नेले असते तर ते टळले असते.

औषधाचा विषय निघाला की मराठी घरात कडुलिंबाचे नाव निघणारच. गुढीपाडव्याला पाने खाणारा, धान्यात पाला घालणारा समाज आहे हा. पण या झाडाचा आणि बायर्नचा संबंध फार थोड्यांना ठाऊक आहे. हाइनरिख श्मुटेरर हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ १९५९ साली सुदानमध्ये होते. टोळधाडीने सगळे हिरवे संपवले, पण कडुलिंबाची झाडे तशीच उभी राहिलेली त्यांनी पाहिली आणि पुढचे आयुष्य या झाडाच्या अभ्यासाला दिले. १९८० साली कडुलिंबावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बायर्नमधल्याच रोटाख-एगेर्न या गावी भरली. मग १९९४ साली म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना एक पेटंट दिले. विषय होता कडुलिंबाच्या तेलाच्या अर्काने झाडांवरच्या बुरशीचा बंदोबस्त, म्हणजे पानावरचे डागच. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्व्हूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले. मे २००० मधल्या सुनावणीत महाराष्ट्रातले उद्योजक अभय फडके यांनी साक्ष दिली की असा अर्क त्यांनी पेटंटच्या बऱ्याच आधी तयार केला होता आणि १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने झालेले अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. सांगलीच्या शेतातला फवारा म्युनिकच्या न्यायदालनात पुरावा ठरला, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

अभिमान वाटावा, आणि वापरताना मर्यादाही कळाव्यात. कडुलिंबातले अझाडिरॅक्टिन अळीला तडकाफडकी मारत नाही. तिचे खाणे मंदावते, तिला कात टाकता येत नाही आणि ती काही दिवसांनी मरते. दुसऱ्या दिवशी किडी हलताना पाहून पुन्हा दुप्पट मारणे ही चूक. ऊन या द्रव्याला लवकर निकामी करते, म्हणून फवारा संध्याकाळी. काही जातींच्या नाशपातीची पाने त्याने करपतात. आणि जर्मनीत घरच्या बागेसाठी परवाना असलेले उत्पादनच वापरायचे. तंबाखूचे पाणी हा आजीच्या वेळचा उपाय मात्र कायमचा सोडून द्यावा. निकोटिन माणसाच्या कातडीतूनही शरीरात जाते आणि युरोपीय संघात पीकसंरक्षणासाठी त्याला मान्यता नाही.

दुसरे सौम्य औषध जिवाणूचे. १९११ साली एर्न्स्ट बेर्लिनर या शास्त्रज्ञाने फ्रांकेनला लागून असलेल्या थ्युरिंगियामधल्या पिठाच्या गिरणीतल्या मेलेल्या अळ्यांत एक जिवाणू पाहिला आणि प्रांताच्या नावावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस ठेवले. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ सालीच दिसला होता. हेच ते बीटी. बॉक्सवूडच्या अळीवर हेर्त्सोगेनआउराखमध्ये जे फवारतात आणि २००२ पासून विदर्भाच्या कपाशीत ज्याचे जनुक आहे, त्यांचे मूळ एकच. मात्र फवाऱ्यातले बीटी अळीने पान खाल्ले तरच काम करते आणि काही दिवसांत संपते. कपाशीत ते हंगामभर, प्रत्येक झाडात, सगळ्या शिवारात राहिले. शेंदरी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ साली तिने विदर्भ झोडपून काढला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत पोचले. पानांवरच्या किडीवर लिहिलेल्या कोणत्याही मराठी पुस्तकाने ही गोष्ट विसरून चालणार नाही. डोक्याइतक्या उंच पिकात, उघड्या अंगाने, दुकानदाराने सांगितलेली मिश्रणे मारणारा तो माणूस हा आपल्या ‘कोणते औषध मारू’ या प्रश्नाचा सर्वांत मोठा बळी आहे. जर्मनीत कीटकनाशके दुकानातल्या कुलूपबंद कपाटात असतात. ग्राहकाला ती स्वतः उचलता येत नाहीत, प्रशिक्षित विक्रेत्याने आधी विचारपूस करायची असते. हा नियम महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्राला लागू व्हावा.

एकाच जातीची लागवड किडीला आमंत्रण देते, हेही इथल्या मातीने फार पूर्वी शिकवले. न्यूरेंबर्गच्या पेटर श्ट्रोमर या व्यापाऱ्याने १३६८ साली तोडलेल्या राईखस्वाल्ड जंगलात सूचिपर्णी झाडांचे बी पेरले. मानवी हातांनी जंगल पेरण्याचा हा युरोपातला फार जुना प्रयोग. पुढे तिथे पाइनच पाइन झाले. १८९० च्या दशकात पाइनच्या सुया खाणाऱ्या उंटअळीने त्या जंगलाचे हजारो हेक्टर उजाड केले. किडीला तिच्या शत्रूंनीच आवरल्याचे उदाहरण सांगलीचे. २००२ साली तिथल्या उसावर लोकरी मावा आला, पाने पांढरी झाली, खालची पाने मधरसावरच्या बुरशीने काळी पडली. फवारण्या झाल्या, पण दाट उसात फवारा पोचणार किती? अखेर मावा खाणारे जीव कामी आले. त्यातला मुख्य डिफा नावाच्या एका पतंगाची अळी, जी पान सोडून मावा खाते. ज्या अळीला पाहून हात बाटलीकडे जावा, तिनेच ऊस वाचवला.

घरच्या कुंडीतही हेच घडते. ढालकिड्याची, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या भुंगेऱ्याची, अळी राखाडी, काटेरी आणि दिसायला ओंगळ असते. लोक तिला चिरडतात, आणि ती वाढताना शेकडो मावे खाणार असते. मिरचीच्या शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा आणि आठवडाभर वाट पाहावी. क्रेफेल्डच्या कीटक अभ्यासकांच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की जर्मनीतल्या ६३ संरक्षित ठिकाणी उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक घटले. त्याने बायर्न हादरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सतरा लाखांहून अधिक मतदारांनी थंडीत आपापल्या नगरपालिकेच्या इमारतीत जाऊन मधमाश्या वाचवण्याच्या मागणीवर सही केली आणि त्यातून कायदा झाला. हेर्त्सोगेनआउराखमध्ये राहायला आलेल्या मराठी कुटुंबाच्या बाल्कनीचाही या प्रयत्नात वाटा असावा.

पुढची प्रकरणे वाचताना शेजारी एक पान ठेवावे. शंका मिटली नाही तर विचारायला जागा आहेत. हेर्त्सोगेनआउराख ज्या एर्लांगेन-ह्योख्श्टाट जिल्ह्यात येते, तिथल्या जिल्हा कार्यालयात, बायर्नच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे, बागकामाचे सल्लागार असतात. फाइट्सह्योखहाइमची बायर्न उद्यान अकादमी नागरिकांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरे देते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे जाताना तीन पाने न्यावीत: एक निरोगी, एक अर्धे बिघडलेले, एक पूर्ण बिघडलेले. ती कागदाच्या पाकिटात ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून पान कुजते आणि मूळ डाग ओळखता येत नाही. पानाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे. झाड कुठे आहे, पाणी कधी घातले आणि आधी काही फवारले असल्यास काय व कोणत्या तारखेला, हे पाकिटावर लिहावे. आणि उत्तर येईपर्यंत काहीही फवारू नये.